प्रकाशाचे विवर्तन : घरी करून पाहण्याजोगे तीन प्रयोग

प्रकाश सरळ रेषेत जातो, हे आपण शाळेत शिकतो आणि सावली त्याची साक्ष देते. परंतु अतिशय अरुंद फटीतून किंवा बारीक वस्तूच्या कडेवरून जाताना हाच प्रकाश किंचित वळतो व पसरतो. यालाच विवर्तन म्हणतात. इटलीतील फ्रान्सेस्को ग्रिमाल्डी यांनी त्याचे बारकाईने वर्णन केले. त्यांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १६६५ साली प्रसिद्ध झाला. विवर्तन पाहण्यासाठी प्रयोगशाळाच हवी, असे नाही. पुढील प्रयोग मेडशीतील कोणत्याही घरी करता येतील.

प्रयोग १ : बोटांची फट
दोन बोटे डोळ्याजवळ उभी धरून त्यांच्या फटीतून खिडकीतील उजेडाकडे पाहावे. सूर्याकडे मात्र कधीही पाहू नये. बोटे हळूहळू जवळ आणावीत. ती टेकण्यापूर्वी फटीत बारीक काळ्या रेषा दिसतात. प्रकाश तरंगरूपाने पसरतो; एका तरंगाचा उंचवटा दुसऱ्याच्या खोलगट भागावर पडला की दोन्ही एकमेकांना नाहीसे करतात आणि तेथे अंधार होतो.

प्रयोग २ : तलम ओढणी
रात्री दूरच्या दिव्याकडे तलम, घट्ट विणीच्या ओढणीतून पाहावे. दिव्याभोवती प्रकाशठिपक्यांची नक्षी दिसते. ओढणी फिरवली की नक्षीही फिरते. अमेरिकेतील फ्रान्सिस हॉपकिन्सन यांनी रेशमी रुमालातून रस्त्यावरील दिवा पाहिला. ते कायद्याचे जाणकार होते, शास्त्रज्ञ नव्हते. तरीही ‘असे का दिसते?’ हा प्रश्न त्यांनी खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड रिटनहाउस यांना विचारला. रिटनहाउस यांनी सुमारे ५० केस समांतर बसवून जाळी केली आणि प्रकाश किती वळतो हे मोजले. साध्या प्रश्नातून विवर्तन जाळी जन्मास आली.

प्रयोग ३ : केसाची जाडी
हा प्रयोग मोठ्यांच्या देखरेखीखालीच करावा. लेझरचा झोत कोणाच्याही डोळ्यांवर किंवा आरशावर पडू देऊ नये. लाल लेझर टॉर्चच्या तोंडावर एक केस ताणून चिकटवावा आणि झोत २ मीटर अंतरावरील भिंतीवर पाडावा. मधल्या ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना उजळ व काळे पट्टे दिसतील. एकाच बाजूच्या लगतच्या दोन काळ्या पट्ट्यांमधील अंतर मोजावे.

केसाची जाडी = (तरंगलांबी × भिंतीपर्यंतचे अंतर) ÷ काळ्या पट्ट्यांमधील अंतर

समजा, तरंगलांबी ६५० नॅनोमीटर, म्हणजे ०.०००६५ मिलिमीटर आहे आणि पट्ट्यांमधील अंतर २० मिलिमीटर आले. मग (०.०००६५ × २०००) ÷ २० = ०.०६५ मिलिमीटर. पट्टीवर न मोजता येणारी जाडी साध्या पट्टीनेच मोजली गेली! केस जितका बारीक, तितके पट्टे दूर दूर पडतात.

पुण्यातील आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी घडवली. साधनांची उणीव ही जिज्ञासेची अडचण नव्हे, हेच त्यातून दिसते. पालकांनी मुलांसह घरातील प्रत्येकाच्या केसाची जाडी तीन-तीन वेळा मोजावी, सरासरी काढावी आणि वहीत नोंदवावी. आजीचा केस जाड की नातवाचा, याचे उत्तर ती वहीच देईल.