अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची मुखनिगा

प्रश्न : नाशिकच्या वृद्धाश्रमातील परिचारिकांना मुखआरोग्याच्या प्रशिक्षणात काय शिकवावे?

उत्तर : वृद्धाच्या तोंडातील जंतू लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरले, तर न्यूमोनिया होऊ शकतो. गिळण्याची ताकद कमी झालेल्या रुग्णात हा धोका मोठा. म्हणून प्रशिक्षणाची सुरुवात रुग्णाच्या स्थितीपासून व्हावी : डोके उंच किंवा मान एका बाजूला, पाणी अगदी थोडे, मऊ ब्रश, जवळ सक्शन. बेशुद्ध रुग्णाला चूळ भरायला लावू नये. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण तोंड घट्ट मिटतो तेव्हा जबरदस्ती करू नये, दातांमध्ये बोटही घालू नये; थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा.

कवळी रोज ब्रशने घासावी, रात्री काढून साध्या पाण्यात ठेवावी. उकळत्या पाण्याने तिचा आकार बिघडतो. रक्तदाबाच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडे पडते, दात लवकर किडतात.

महाराष्ट्रात मिश्री आणि तंबाखूची सवय जुनी असल्याने गालाची आतली बाजू व जीभ पाहणे टाळता येत नाही. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दिसल्यास दंतवैद्याकडे पाठवावे.

हे सारे व्याख्यानातून येत नाही, खाटेशीच शिकावे लागते. नाशिकला ते अवघड नसावे : १९९८ मध्ये स्थापन झालेल्या येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत दंतवैद्यक आणि परिचर्या दोन्ही येतात, आणि पंचवटीत दंत महाविद्यालय आहे.