सागरी भाषेतील ‘रोड्स’ म्हणजे काय?

‘रोड्स’ किंवा ‘रोडस्टेड’ म्हणजे बंदराबाहेरचा, पण किनारा, बेट किंवा वाळूच्या दांड्यामुळे लाटांपासून काहीसा सुरक्षित असलेला पाण्याचा भाग. जहाजे तेथे नांगर टाकून अनुकूल वाऱ्याची, भरतीची किंवा धक्क्यावर जागा मिळण्याची वाट पाहतात. येथे ‘रस्ता’ हा अर्थ नाही; नांगरावर उभ्या जहाजाला इंग्रजीत ‘राइड’ हे क्रियापद लावतात, त्याच कुळातला हा शब्द. अमेरिकेतील हॅम्प्टन रोड्स हे त्याचे ठळक उदाहरण. १८६२ मध्ये चिलखती युद्धनौकांची पहिली लढत तेथेच झाली.

मात्र हा आसरा अपुराच असतो. इंग्लंडमधील डील गावासमोरच्या ‘डाउन्स’ या रोडस्टेडला गुडविन सँड्स या वाळूच्या दांड्यांचा आडोसा आहे, पण १७०३ च्या वादळात नांगर सुटलेली जहाजे त्याच वाळूवर आपटून फुटली. त्यामुळे ‘रोड्स’ला मराठीत ‘बंदर’ म्हणू नये. ‘नांगरस्थळ’ अधिक अचूक आहे.