कॅबिनेटमधला उकाडा

पीसी असेंबल करायचा म्हटलं की आपली सगळी चर्चा प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स कार्डावर होते. कॅबिनेटचा नंबर शेवटी, उरलेल्या पैशात. मग मे महिन्यात रूममध्ये ३८ अंश असताना मशीन रडायला लागतं आणि शिव्या मात्र प्रोसेसरला बसतात.

प्रोसेसर तापला की लगेच जळत नाही. आधी तो स्वतःचा वेग उतरवतो. बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांत ही मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते. म्हणजे पैसे मोजले एका वेगाचे आणि हातात येतो दुसराच.

आता थोडं थर्मोडायनॅमिक्स (घाबरू नका, हे परीक्षेला नाही). समजा मशीन ३०० वॅट खातंय. त्या सगळ्याची शेवटी उष्णताच होते आणि ती हवेनेच बाहेर न्यायची आहे. कॅबिनेटमधून मिनिटाला ५० घनफूट हवा खरोखर वाहिली, तर ती साधारण ११ अंशांनी तापून बाहेर पडते. प्रवाह निम्मा झाला की २२ अंशांनी. म्हणजे ३८ अंशांच्या रूममध्ये मागून निघणारी हवा ६० अंशांची! पंख्याच्या खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी, फिल्टर आणि वायरींचं जंगल मध्ये आलं की प्रत्यक्ष प्रवाह बराच कमी भरतो.

आमच्या विंगमधल्या एका मित्राचं प्रोजेक्टचं सिम्युलेशन रात्रभर चालवूनही सकाळी निम्म्यावरच असायचं. सबमिशनला चार दिवस. पठ्ठ्या साडेतीन हजारांचा कूलर आणायला निघाला होता. मी म्हटलं, जरा थांब, आधी बाजूचं झाकण काढून तासभर चालव. तापमान ९५ वरून ८४ वर आलं. ही चाचणी फुकट आहे आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी. झाकण काढून एवढा फरक पडत असेल, तर दोष कूलरचा नाही, कॅबिनेटला श्वास मिळत नाहीये. काहीच फरक पडला नाही तर हीटसिंककडे वळा: पात्यांमधली धूळ, वाळलेली थर्मल पेस्ट, सैल बसलेला स्क्रू.

त्याच्याकडे दोन गोष्टी निघाल्या. पुढचा पंखा उलटा बसवलेला, त्यामुळे दोन्ही पंखे हवा बाहेरच फेकत होते. (पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या दांड्या असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. बसवताना एवढंच बघायचं.) दुसरं, कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलाच्या बंद खणात, मागची गरम हवा फिरून पुन्हा पुढून आत. पंखा सरळ केला, कॅबिनेट बाहेर काढून दोन विटांवर ठेवलं. झाकण लावूनही ८२! सिम्युलेशन दुसऱ्या रात्रीत पूर्ण झालं.

मग झाकण कायमचंच काढून का ठेवू नये? धूळ, आणि आपल्या होस्टेलात पाली! त्यापेक्षा आत येणारी हवा बाहेर जाणारीपेक्षा किंचित जास्त ठेवा, म्हणजे फटींतून धूळ ओढली जात नाही. फिल्टर फक्त पुढे लावा आणि तो धुवत जा.

साफ करताना प्लग काढा, पंख्याचं पातं बोटाने धरा आणि मगच ब्लोअर मारा. एसएमपीएस मात्र उघडू नका. वीज काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो. त्याची धूळ बाहेरूनच उडवा.