मोठे शीड

वारा मंद आहे, पाणी सपाट आहे आणि शर्यतीतले पुढचे निशाण अजून बरेच लांब आहे. अशा वेळी छोट्या शिडाच्या होडीत बसलेल्या मुलाच्या मनात एकच विचार घोळू लागतो : आपले शीड जरा मोठे असते तर! हा विचार काही नवा नाही. शिडाच्या होड्या चालविणाऱ्या प्रत्येक पिढीला तो सुचला आहे आणि प्रत्येक पिढीने तो करूनही पाहिला आहे. काहींना त्यातून बक्षीस मिळाले. पुष्कळांना थंड पाण्याची आंघोळ घडली.

ऑस्ट्रेलियातील सिडनी बंदरात तर या हौसेला सीमाच उरली नव्हती. मार्क फॉय नावाच्या व्यापाऱ्याच्या प्रयत्नाने १८९२ च्या सुमारास तेथे लहान होड्यांच्या शर्यतींना रंग चढला. किनाऱ्यावरील लोकांना आपापली होडी दुरून ओळखता यावी, म्हणून शिडांवर मोठी रंगीत चिन्हे काढीत. पुढे प्रसिद्धी पावलेली होडी अठरा फुटांचीच. पण तिच्यावरील शिडांचा पसारा एखाद्या मोठ्या गलबताला शोभावा असा. ती उलटू नये म्हणून दहाबारा दांडगे गडी वाऱ्याच्या बाजूच्या काठावर बसविण्यात येत. म्हणजे माणसे हेच होडीचे वजनकाटे! परतताना वारा पडला, की हेच वजन जड वाटू लागे. मग एकदोघे गडी खुशाल पाण्यात उड्या टाकून होडी हलकी करीत.

परंतु ज्या होडीत एकच माणूस बसतो, तिने काय करावे? या प्रश्नाचे चांगले उत्तर कॅनडात मिळाले. १९६९ साली इयान ब्रूस या यंत्ररचनाकाराने आपले मित्र ब्रूस कर्बी यांना दूरध्वनी केला. मोटारीच्या टपावर बांधून नेता येईल अशी छोटी होडी त्यांना हवी होती. बोलता बोलताच कर्बींनी समोरच्या कागदावर होडीची आकृती रेखाटली. पुढे १९७० च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, एका सरोवरावरील शर्यतीत, त्या आकृतीवरून बांधलेली पहिली होडी पाण्यात उतरली. शीड शिवणारे हान्स फॉग हेच ती चालवीत होते. शीड मनासारखे बसेना, म्हणून त्यांनी त्याचा काप दुरुस्त केला. पुढच्या हिवाळ्यात डोलकाठी आणि शीड यांच्या आणखी चाचण्या झाल्या व १९७१ साली होडी विक्रीला आली. तिचे नाव ‘लेझर’. आजवर अशा दोन लाखांहून अधिक होड्या तयार झाल्या आहेत.

लेझरचे अंग ४.२३ मीटर लांब असून वजन सुमारे ५९ किलो आहे. तिचे मूळ शीड ७.०६ चौरस मीटरांचे. ते पेलावयास सुमारे ऐंशी किलो वजनाचा, कसलेला माणूस लागतो. हलक्या अंगाच्या लोकांनी काय करावे? त्यांच्यासाठी पुढे ५.७६ आणि ४.७ चौरस मीटरांची आणखी दोन शिडे निघाली. होडी तीच, सुकाणू तेच, डोलकाठीचा वरचा तुकडाही तोच. खालचा तुकडा आणि शीड तेवढे बदलावयाचे. या तीन प्रकारांना आता इल्का ४, इल्का ६ आणि इल्का ७ असे म्हणतात. २०२१ साली झालेल्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये नेत्रा कुमानन मधल्या शिडावर उतरली, तर विष्णु सरवणन मोठ्या शिडावर. २०२३ साली हांगचौ येथील आशियाई स्पर्धेत विष्णूने मोठ्या शिडावर कांस्यपदक मिळविले आणि भोपाळला तलावावर शिकलेल्या नेहा ठाकूरने सर्वांत लहान शिडावर रौप्यपदक.

आता या आकड्यांकडे जरा निरखून पाहावे. लहानाहून मधले शीड आणि मधल्याहून मोठे शीड, दोन्ही वेळा क्षेत्रफळ शेकडा तेवीसच्या आसपास वाढते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की शिडावरील जोर चौपट होतो. या हिशेबाने, शेकडा तेवीस मोठे शीड चढविणे म्हणजे ताशी १० सागरी मैलांचा वारा ११ मैलांचा होण्यासारखे आहे. एवढेच ना, असे कोणालाही वाटेल. पण मोठ्या शिडाची काठीही उंच असते. त्यामुळे वाऱ्याचा रेटा होडीला अधिक उंचावर लागतो, आणि लांब दांड्याने दगड सहज उलथावा, तशी होडी कलू लागते. तिला सावरण्यास माणसाजवळ असते केवळ स्वतःचे वजन. पावले पट्ट्याखाली अडकवून तो पाठ पाण्यावर झोकून देतो. त्यापलीकडे त्याला काही करता येत नाही.

मंद वाऱ्यात मोठे शीड निर्विवाद चांगले. तेथे पाण्याच्या घर्षणावर मात करावयाची असते आणि थोडाही जादा जोर उपयोगी पडतो. वारा मध्यम झाला, की होडी स्वतःच उठविलेल्या लाटेत अडकते. ताशी सुमारे पाच सागरी मैलांच्या पुढे तिला ती लाट ओलांडू देत नाही. अशा वेळी शीड वाढवून फारसा लाभ होत नाही. वारा आणखी चढला आणि होडी सपाट राखता आली, तर मात्र ती लाटेवर चढून पाण्याच्या पृष्ठावरून घसरत धावू लागते. खरा आनंद तो! परंतु ती कलली, तर तिचे तोंड आपोआप वाऱ्याकडे वळू लागते. मग सुकाणू ओढून धरावे लागते, आणि आडवे धरलेले सुकाणू म्हणजे पाण्यातला लगामच. मोठ्या शिडाची होडी अशा वेळी लहान शिडाच्या होडीच्या मागे पडते.

पंधरा वर्षांची, पंचेचाळीस किलो वजनाची एक मुलगी डोळ्यांपुढे आणावी. मोसमाच्या शर्यतींसाठी कोणत्या वर्गात नाव द्यावयाचे, हे तिला ठरवावयाचे आहे. एकदा नाव दिले, की वारा कसाही असो, त्याच वर्गाचे शीड चढवावे लागते. म्हणून ती मधले शीड मागून घेते. डोलकाठीचे दोन तुकडे एकमेकांत बसवून शिडाची कडेची पिशवी तिच्यावर मोज्यासारखी चढविते आणि निघते. सकाळच्या झुळुकीत होडी हलकेच पुढे सरकते; लहान शिडाच्या मैत्रिणी मागे राहतात. तिला हसू आवरत नाही.

दुपारी वारा उठतो. पाण्यावर काळसर सुरकुत्या धावत येतात. पहिला झोत ती शिडाचा दोर सैल सोडून निभावते, दुसरा पाठ टेकवून. तिसऱ्याला दोर हातात पीळ घेऊन अडकतो आणि होडी आडवी होते. अंगात तरंगते जाकीट असल्यामुळे ती बुडत नाही. पोहत जाऊन ती होडीच्या पोटातून बाहेर आलेल्या फळीवर उभी राहते, सारे वजन मागे टाकते. शीड पाणी गाळीत सावकाश वर येते. एवढ्यात मैत्रिणी पुढे निघून गेलेल्या असतात.

किनाऱ्यावर प्रशिक्षक विचारतात, “काय, जमलं का?”

“सर, सकाळी जमलं. दुपारी नाही,” ती म्हणते.

“आपल्याकडच्या शर्यती केव्हा असतात?”

“दुपारी.”

ती खालचा लांब तुकडा गोड्या पाण्याने धुते, पुसून फळीवर ठेवते आणि अर्जावर लहान शिडाचा वर्ग लिहिते.