वीस गुंठ्यांचा ट्रॅक्टर

छंद म्हटला की पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी किंवा शंखशिंपले आपल्या डोळ्यांपुढे येतात. असे संग्रह एखाद्या पेटीत मावतात आणि पाहुणे आले म्हणजे टेबलावर मांडून दाखविता येतात. परंतु ज्या संग्रहातील एकेक वस्तू दोघांना मिळूनही उचलत नाही, जिला ठेवावयास कोठार लागते आणि जी हाती येते तेव्हा बहुधा गंजलेली व मुकी असते, असा संग्रह करणारी माणसेही जगात आहेत. अमेरिकेत जुने बागट्रॅक्टर जमवून ते पुन्हा चालते करण्याचा छंद पुष्कळांना आहे. त्या छंदाची ही हकीकत आहे.

बागट्रॅक्टर हे शेतावरील मोठ्या ट्रॅक्टरचे धाकटे भावंड होय. त्याची उंची माणसाच्या कमरेच्या आसपास आणि जुन्या बागट्रॅक्टरांपैकी पुष्कळांना सिलिंडर एकच. त्यावर बसून मनुष्य गवत कापतो, भाजीचा वाफा नांगरतो आणि हिवाळ्यात दारापुढे साचलेला बर्फ लोटून वाट मोकळी करतो. या जातीची यंत्रे तशी बरीच जुनी आहेत. पश्चिम व्हर्जिनिया संस्थानातील बेंजामिन ग्रॅव्हली नावाच्या एका छायाचित्रकाराने हातनांगराला मोटारसायकलचे एंजिन बसविले आणि 1916 साली त्या यंत्राचे एकस्व मिळविले. त्या मोटारसायकलचे नाव 'इंडियन' असे होते. मात्र तिचा आपल्या देशाशी काही संबंध नव्हता, ती तिकडचीच.

या यंत्रांना खरी मागणी आली ती 1945 साली दुसरे महायुद्ध संपल्यानंतर. युद्धावरून परतलेल्या सैनिकांनी शहरांच्या कडेला घरे बांधली. कित्येक घरांभोवती अर्धा एकर, म्हणजे आपले वीस गुंठे, जमीन असे. एवढ्या जमिनीला मोठा ट्रॅक्टर परवडत नाही आणि नुसत्या हातांनी ती आवरत नाही. 1946 साली इंडियाना संस्थानातील साउथ बेंड येथे एल्मर पाँड यांनी लहान ट्रॅक्टर बनविण्यास आरंभ केला आणि त्यांचा मुलगा सेसिल याने तो व्यवसाय वाढविला. त्यांच्या ट्रॅक्टरचे नाव 'व्हील हॉर्स'. अनेक घोड्यांच्या गाडीत चाकांलगत जुंपलेल्या घोड्यावर सर्वांत अधिक भार पडतो. त्याला इंग्रजीत हे नाव आहे. पुढे मोठ्या कंपन्याही या धंद्यात उतरल्या. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा पिवळा-पांढरा 'कब कॅडेट' 1961 साली सात अश्वशक्तीचे एंजिन घेऊन आला, तर जॉन डिअरचा हिरवा-पिवळा '110' हा 1963 साली.

एवढ्या जुन्या यंत्रात आज पुन्हा जीव येतो, याचे श्रेय मुख्यत्वे ती ज्या रीतीने बांधली गेली त्या रीतीला आहे. कब कॅडेटच्या त्या एंजिनाचा ठोकळा बिडाचा आहे. तुमच्या घरी बिडाचा तवा असेल, तर तो किती पिढ्या टिकतो हे आजीला विचारा. यंत्राचे भाग नटबोल्टांनी जोडलेले. त्यामुळे चार पाने आणि एक पेचकस एवढ्या हत्यारांनिशी पुष्कळसे यंत्र उलगडता येते. यंत्राबरोबर माहितीपुस्तिका मिळे. तीत तेल केव्हा बदलावे, ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या दोन टोकांत किती फट ठेवावी, हे सारे मालकाला सांगितलेले असे. ही फट इंचाचा पन्नासावा भाग, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर ठेवावयाची. मालकाने यंत्र स्वतः उघडावे, अशी त्या कारखानदारांची अपेक्षाच होती. आजच्या कित्येक यंत्रांवर 'उघडू नये' अशी चिठ्ठी चिकटवलेली असते, हे पाहून वाईट वाटते.

असो. यंत्र हाती आल्यावर प्रथम एंजिन फिरते की नाही हे पाहावयाचे. वर्षानुवर्षे ओलीत पडून राहिल्याने दट्ट्याची कडी सिलिंडरला गंजून धरून बसतात. अशा वेळी उतावळा मनुष्य हातोडा उचलतो आणि दट्ट्या फोडून बसतो. जाणता मनुष्य प्लग काढतो, त्या भोकातून पातळ तेल आत सोडतो आणि स्वस्थ बसतो. दुसऱ्या दिवशी चाक किंचित पुढे, किंचित मागे हलवून पाहतो. हलले नाही तर पुन्हा तेल. कधी आठवडा जातो, कधी महिना. मग एखाद्या सकाळी चाक केसभर सरकते. या छंदातील खरा आनंद त्या केसभर हालचालीत आहे, असे मला वाटते. पुढची कामे त्या मानाने सोपी आहेत. जुन्या पेट्रोलचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत बसलेला असतो, तो धुऊन काढावा लागतो. गंज उतरविण्याची एक युक्ती तर आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातील धड्यासारखी आहे. धुण्याचा सोडा विरघळवलेल्या पाण्यात गंजका भाग बुडवून तो विजेच्या ऋण टोकाला जोडतात, धन टोकाला टाकाऊ लोखंडाचा तुकडा. काही तासांत गंज सुटू लागतो. मात्र या क्रियेत हायड्रोजन वायू निघतो आणि तो पेट घेतो, म्हणून हे काम उघड्यावर आणि मोठ्यांनीच करावयाचे असते. जुन्या रंगात पुष्कळदा शिसे असते; तो घासताना उडणारी धूळही श्वासात जाऊ देता कामा नये.

आता या छंदिष्टांतील जुन्या वादाकडे वळू. यंत्र चालू झाले, पण त्याला नवा रंग द्यावा काय? एक पक्ष म्हणतो, कारखान्यातून निघाले तेव्हा जसे होते तसेच ते दिसले पाहिजे. जुना रंग पार खरवडून नवा चढवा, नवी नावे चिकटवा. दुसरा पक्ष म्हणतो, रंग एकदा खरवडला की तो परत येत नाही. पावलांच्या पट्टीवर जिथे मालकाची टाच चाळीस वर्षे घासली, तिथला उघडा पडलेला पत्राही त्या यंत्राच्या इतिहासात मोडतो. हरवलेल्या खिळीच्या जागी कोणी तार पिळून बसविलेली असते, तुटलेल्या दांडीला कोणी ओबडधोबड जोड दिलेला असतो. त्यावरून कोण्या अनोळखी माणसाची अडचण आणि हुशारी दोन्ही वाचता येतात. माझे मत विचाराल तर, यंत्राचे पोट नवे करावे आणि कातडी शक्य तोवर जुनी राहू द्यावी. परंतु गंजाने पत्रा खाऊन टाकला असेल तेथे हा नियम धरून बसण्यात अर्थ नाही.

याहून अवघड प्रश्न सुट्या भागांचा. पाँड यांची कंपनी 1986 साली टोरो या कंपनीकडे गेली. इंटरनॅशनल हार्वेस्टरने कब कॅडेटचा व्यवसाय 1981 साली विकला. काही भाग आजही नवे मिळतात, पण कित्येक घडविणे कधीच थांबले आहे. मग एक ट्रॅक्टर उभा करण्यासाठी दुसरा मोडावा लागतो. ज्याचा ठोकळा फुटला आहे तो मोडताना कोणाला वाईट वाटत नाही. पण दोघांतही थोडाथोडा जीव असला, तर कोणता राखावा? आगगाड्यांची एंजिने जतन करण्यास संग्रहालये आहेत. परसातले गवत कापणारे यंत्र जपून ठेवावे असे मात्र फारच थोड्यांना वाटले. म्हणून हा निवाडा कोठारात एकटा बसलेला एखादा मनुष्यच करतो, आणि त्याच्या निवाड्याप्रमाणे एक यंत्र उरते व एक संपते.

उरलेली यंत्रे नुसती मांडून ठेवलेली नसतात. शेतातील पीक निघाल्यावर किंवा पेरणीपूर्वी काही ठिकाणी हे हौशी लोक एखाद्या शेतकऱ्याची जमीन मागून घेतात आणि आपापले छोटे ट्रॅक्टर, मागे एकफाळी नांगर जोडून, तेथे आणतात. पिवळे, हिरवे, तांबडे ट्रॅक्टर एकामागून एक तासाला लागतात. उजवीकडची चाके आधीच्या तासात उतरलेली असल्याने प्रत्येक ट्रॅक्टर एका अंगाला कललेला असतो आणि चालविणारा मान वळवून मागे पाहत असतो, कारण नांगर खोल गेला तर एंजिन दमते आणि वर राहिला तर माती नुसती खरवडली जाते. दुपारी यंत्रे थांबतात, तेव्हा ताज्या रंगाच्या ट्रॅक्टरवर आणि जुन्या रंगाच्या ट्रॅक्टरवर सारखाच चिखल असतो.