विमान किती वाजता उतरतं?

पहाटे साडेतीनला शेजारच्या वहिनींनी आमचं दार ठोठावलं. हातात मोबाईल. "गुरुजी, झील मुंबैक उतारलो म्हणता. गाडी तर हंय खळ्यात!"

मुलगा दुबईहून यायचा होता. तिकिटावर लिहिलं होतं : दुबई, १५ तारीख, २२:३०. मुंबई, १६ तारीख, ०३:००. वहिनींनी वाचलं, '१६ तारीख, रात्री ३'. म्हणून गाडी ठरवली १६ च्या संध्याकाळची. पण रात्री १२ वाजले की तारीख बदलते. १६ तारखेचे रात्रीचे ३ म्हणजे १५ ची रात्र सरता सरता. गाडी १५ ला दुपारीच निघायला हवी होती. अक्षरं वहिनींनी बरोबर वाचली होती. चूक झाली ती हिशेबाची. मुलगा सामान सांभाळत बसला आणि शेवटी कोकण रेल्वेने कणकवलीला आला.

ते तिकीट आपण पुन्हा वाचू. २२:३० मधून १२ वजा करा. रात्रीचे साडेदहा झाले. साडेदहा ते तीन म्हणजे साडेचार तास. मग विमान साडेचार तास उडलं का? नाही. तीनच तास. उरलेला दीड तास घड्याळांचा आहे.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून सूर्य आधी पूर्वेकडच्या गावांना दिसतो. दुबई आपल्या पश्चिमेला. तिथे दिवस उशिरा उगवतो, म्हणून तिथलं घड्याळ आपल्याहून दीड तास मागे लावलेलं असतं. दुबईत साडेदहा वाजले तेव्हा वहिनींच्या भिंतीवर बारा वाजले होते. बारा आणि तीन तास, म्हणजे तीन. तिकिटावर सुटायची वेळ सुटण्याच्या गावची असते आणि उतरायची वेळ उतरण्याच्या गावची. ही खूण पक्की ध्यानात ठेवा.

आता अंतर. जामसंड्याहून मुंबई रस्त्याने चारशे किलोमीटरच्या वर. पण कावळा सरळ उडाला तर सुमारे तीनशेच. विमानाला खाडी आडवी येत नाही की घाट लागत नाही, म्हणून त्याचं अंतर सरळ रेघेत मोजतात. मुंबई ते दुबई असं सुमारे १,९३० किलोमीटर भरतं. विमान तासाला ८५० किलोमीटर जातं असं धरा. भागाकार केला तर सव्वादोन तास येतात. मग तीन का लागतात? जमिनीवर रांगेत थांबणं, हळूहळू वर चढणं, हळूहळू खाली येणं, यात वेळ जातो. वाराही आहेच. हिवाळ्यात उंच आकाशात पश्चिमेचा जोराचा वारा असतो. जाताना तो समोरून येतो, येताना मागून ढकलतो. देवगडच्या तांडेलांना हे वेगळं सांगायला नको!

८ जून १९४८ ला एअर इंडियाचं लंडनचं पहिलं विमान मुंबईहून निघालं. वाटेत कैरो आणि जिनिव्हा इथे थांबून ते १० जूनला पोचलं. आता थेट विमानाला दहा तासांच्या आसपास लागतात.

एक हिशेब तुम्ही करा. मुंबईहून विमान सकाळी १० ला सुटलं आणि सव्वातीन तास उडालं. दुबईच्या घड्याळात तेव्हा किती वाजले? (उत्तर : पावणेबारा.)