आग्या मोहोळ उठल्यास

उज्जैन येथे दर १२ वर्षांनी सिंहस्थ भरतो. क्षिप्राकाठच्या अशा यात्रांना जाणाऱ्यांनी आग्या माशीची ओळख करून घेणे हिताचे आहे. ही माशी उंच वृक्षांवर व जुन्या वास्तूंच्या सज्जांखाली एकच मोठे, उघडे पोळे बांधते. ती सहसा विनाकारण अंगावर येत नाही. भिरकावलेला दगड किंवा झाडाखालच्या चुलीचा धूर तिला खवळवितो. तिची काटेरी नांगी कातडीत रुतून विष सोडीत राहते व त्या वासाने इतर माश्या तेथेच धावतात. म्हणून हात न झाडता, डोके व तोंड वस्त्राने झाकून त्वरित दूर पळावे आणि बंद खोलीत शिरावे. नदी जवळ असली तरी पाण्यात उडी घेऊ नये. माश्या वर घिरट्या घालीत राहतात. नांग्या नखाने तत्काळ खरवडून काढाव्यात. दंश पुष्कळ असल्यास वा श्वास कोंडल्यास रुग्णास विनाविलंब दवाखान्यात न्यावे.

मोहोळ मात्र जाळू नये. याच माश्या परागसिंचनाने पिकांस फलधारणा घडवितात. वर्दळीच्या जागचे मोहोळ प्रशिक्षित माणसाकडूनच हलवावे.